उपग्रहाला हुरडा दिसत नाही

गव्हाला पाणी कधी द्यायचं हे कृषी विद्यापीठं तारखेवर सांगत नाहीत, अवस्थेवर सांगतात. मुकुटमुळं फुटताना, म्हणजे पेरणीनंतर साधारण १८ ते २१ दिवसांनी. कांडी धरताना, ४० ते ४५ दिवसांनी. फुलोरा आणि चीक भरण्याच्या वेळी, ६० ते ६५ दिवसांनी. दाणे भरताना, ८० ते ८५ दिवसांनी. रब्बी ज्वारीचंही तसंच: गर्भावस्था, पोटरी, फुलोरा, दाणे भरणं. यातले दिवसांचे आकडे अंदाजाचे असतात. पेरणी लांबली, थंडी कमी पडली, वाण बदललं की ते पुढेमागे सरकतात. अवस्था मात्र त्याच क्रमानं येतात, आणि प्रत्येक अवस्थेत पिकाला कशाचा त्रास होणार हे वेगळं असतं.

२०२२ च्या मार्चमध्ये याचा अनुभव देशाला आला. १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंशांवर गेलं. पंजाब-हरियाणातला गहू तेव्हा दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. उष्णतेनं दाणा भरायच्या आधीच पीक पिकलं आणि दाणे बारीक, सुरकुतलेले राहिले. फेब्रुवारीत ११.१३ कोटी टनांचा सरकारी अंदाज मेमध्ये १०.६४ कोटी टनांवर आला, आणि १३ मे रोजी निर्यातबंदी जाहीर झाली. आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू मार्चमध्ये काढणीलाच येतो, त्यामुळे त्याला असा उशिराचा उन्हाळा तितकासा बाधत नाही. पीक तेच, उष्णताही तीच. पिकाची अवस्था वेगळी, म्हणून परिणाम वेगळा.

म्हणजे कुठे किती पेरलंय याच्या जोडीनं ते पीक आज कोणत्या अवस्थेत आहे, हेही कळायला हवं. पाटबंधारे खात्याला, विमा कंपनीला, साखर कारखान्याला, धान्य खरेदीचं नियोजन करणाऱ्यांना, सगळ्यांनाच. गावोगावी माणसं पाठवून दर आठवड्याला हे टिपणं अशक्य, म्हणून हे काम उपग्रहांकडे आलं. इथे एक गैरसमज मात्र पक्का बसलेला आहे: उपग्रह वरून फोटो काढतो आणि त्या फोटोत फुलोरा, कणसं, शेंगा दिसतात. तसं काही दिसत नाही. तरीही अवस्था कळते.

वरून नेमकं काय मोजलं जातं?

युरोपचे सेन्टिनेल-२ मालिकेतले उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून ते जमिनीवर पडलेल्या सूर्यप्रकाशातला किती भाग परत आला, हे प्रकाशाच्या १३ पट्ट्यांत वेगवेगळं मोजतात. त्यातल्या दोन पट्ट्या आपल्या कामाच्या: लाल, आणि लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त.

हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्यावरच त्याचं अन्न बनतं. जवळचा अवरक्त प्रकाश पानाला उपयोगाचा नाही. पानाच्या आतल्या सैल पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो सरळ परत उधळून लावतात. त्यामुळे जोमदार पिकावरून लाल प्रकाश जेमतेम ५ टक्के परत येतो आणि अवरक्त ४५ टक्क्यांच्या आसपास. उघड्या काळ्या जमिनीवर दोन्हींत फारसा फरक नसतो. समजा लाल १२ टक्के, अवरक्त १६ टक्के.

आता अवरक्तातून लाल वजा करा आणि त्या दोघांच्या बेरजेनं भागा. पिकासाठी ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. मातीसाठी ४ भागिले २८, म्हणजे ०.१४. हाच तो एनडीव्हीआय निर्देशांक. बेरजेनं भागल्यामुळे ऊन थोडं कमी-जास्त असलं, जमिनीला उतार असला, तरी आकडा फारसा बिघडत नाही. पाण्यावर तो शून्याच्या खाली जातो. कोणत्याही कृषी अॅपमध्ये शेताचा लाल-पिवळा-हिरवा नकाशा दिसतो, तो बहुतेक वेळा याच वजाबाकी-भागाकाराचा असतो.

या निर्देशांकाचा जन्म मुळात ऋतुचक्र टिपण्यासाठीच झाला. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट अवकाशात गेला. त्यानंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जॉन राउज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मधल्या विस्तीर्ण गवताळ पट्ट्यात वसंतात हिरवळ दक्षिणेकडून उत्तरेकडे कशी सरकते आणि पुढे कशी वाळत जाते, हे मोजण्यासाठी तो वापरला. ‘पीक निरोगी आहे की नाही’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. माझ्या मते तोच त्याचा कमी भरवशाचा उपयोग आहे. ०.५ हा आकडा निरोगी कोवळ्या पिकाचाही असू शकतो, रोगट वाढलेल्या पिकाचाही आणि नुसत्या तणाचाही.

एक पिक्सेल, एक गुंठा

उपग्रहाचं चित्र चौकोनांचं, म्हणजे पिक्सेलांचं, बनलेलं असतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा मिळतो. त्या चौकोनात काय काय आहे याची फोड उपग्रह करत नाही, सगळ्याची सरासरी देतो. म्हणून चौकोनाचा आकार महत्त्वाचा. सेन्टिनेल-२ चा लाल आणि अवरक्त पट्ट्यांतला चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, एका एकरावर ४० पिक्सेल. हिशेब तोंडी करता येतो.

बाकीचे उपग्रह याच मापानं पाहू. लँडसॅटचा ३० मीटरचा चौकोन ९ गुंठ्यांचा. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा, तर त्याच उपग्रहांवरच्या एविफ्स कॅमेऱ्याचा ३१ गुंठ्यांचा, म्हणजे पाऊण एकराचा. अमेरिकेच्या उपग्रहांवरच्या मोडिस कॅमेऱ्याचा २५० मीटरचा चौकोन साडेपंधरा एकरांचा! मोडिस रोज चित्र देतो, एविफ्स साधारण ५ दिवसांनी, लँडसॅटचा एक उपग्रह १६ दिवसांनी. बारीक बघणारे उशिरा येतात, रोज येणारे ढोबळ बघतात, असा हा सौदा अनेक वर्षं चालला. सेन्टिनेल-२ नं तो बराच सैल केला. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि दोन मिळून दर ५ दिवसांनी गुंठ्यागुंठ्याचं चित्र मिळू लागलं, तेही फुकट.

महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी वहिवाट १.३४ हेक्टरची, म्हणजे सव्वातीन एकरांची. सरासरीच ती, शिवाय ती दोन-तीन ठिकाणी विखुरलेली, त्यात दोन-तीन पिकं. मोडिसच्या एका चौकोनात चार-पाच शेतकरी, त्यांचे बांध, विहीर आणि रस्ता एकत्र येतात. अमेरिकेत आयोवातल्या मक्याच्या अफाट शेतांवर बसवलेली पद्धत उचलून बीडमध्ये लावली की ती घसरते, याचं निम्मं कारण हे चौकोनाचं गणितच आहे. कोकणातली भातखाचरं तर इतकी लहान की दहा मीटरचा चौकोनही अर्धा खाचरात आणि अर्धा बांधावर पडतो.

आकडा नव्हे, आलेख

अंगणवाडीत मुलाच्या वाढीचं कार्ड असतं. एका महिन्याचं वजन बघून ताई फारसं काही बोलत नाहीत. महिन्यामहिन्याचे ठिपके जोडून रेघ कशी चालली आहे ते बघतात. उपग्रहाकडून पिकाची अवस्था काढण्याची युक्ती हीच. एका चित्रातून अवस्था कळत नाही, चित्रांच्या रांगेतून कळते.

गव्हाच्या एखाद्या शेताचा पूर्ण हंगामाचा आलेख डोळ्यासमोर आणा. पेरणीच्या वेळी निर्देशांक ०.१५ ते ०.२, म्हणजे माती. पुढचे दोन-अडीच आठवडे रेघ आडवीच. कोंब वर आलेत, शेतात उभं राहिलं तर ओळी दिसतात, पण वरून पाहणाऱ्याला एका गुंठ्यात माती इतकी आणि पानं इतकी कमी की आकडा हलत नाही. म्हणजे पहिलं आणि फार मोलाचं पाणी ज्या मुकुटमुळांच्या अवस्थेला द्यायचं, तीच उपग्रहाच्या हातून निसटते.

त्यानंतर फुटवे फुटतात आणि रेघ झपाट्यानं चढते. कांडी धरल्यावर ती ०.७ च्या पुढे जाते. दोन महिन्यांच्या आसपास शिखर येतं, आणि त्या शिखरावर एक सपाट पठार असतं. पोटरी, ओंबी बाहेर पडणं, फुलोरा हे सगळं त्या पठारावर घडतं आणि रेघ मात्र जवळजवळ हलत नाही. दाण्यात चीक भरू लागला की झाड पानांमधला नत्र काढून दाण्याकडे पाठवतं, खालची पानं पिवळी पडतात, रेघ उतरू लागते. दाणा घट्ट होईपर्यंत उतार तीव्र होतो. काढणीनंतर धसकटं उरतात आणि रेघ पुन्हा ०.२ च्या आसपास.

यातून उपग्रह स्वतःच्या बळावर पाच गोष्टी बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकतो: हिरवळ कधी सुरू झाली, सर्वांत वेगानं कधी वाढली, शिखर कधी आलं, सर्वांत वेगानं कधी घटली आणि कधी संपली. शास्त्रज्ञ आणि शेतकरी ज्यांना अवस्था म्हणतात त्या याहून कितीतरी जास्त आहेत. तृणधान्यांसाठी १९७४ मध्ये डच शास्त्रज्ञ झाडोक्स यांनी दोन आकडी मोजपट्टी मांडली. पुढे जर्मनीतून आलेल्या बीबीसीएच पट्टीनं तीच रीत इतर पिकांनाही लावली: ०० म्हणजे कोरडं बी, ६५ म्हणजे ऐन फुलोरा, ८९ म्हणजे पूर्ण पक्व. या शंभर घरांतली मोजकी घरं आलेखाच्या वळणांवर बसतात. बाकीची अनुमानानं भरावी लागतात.

ज्वारीचा हुरडा घ्या. दाणा हिरवट, मऊ, चिकाच्या पुढचा आणि घट्ट होण्याच्या अलीकडचा. हुरडा खाणाऱ्याला तो चार-सहा दिवसांचा काळ अचूक कळतो. कणीस हातात चोळलं की झालं. उपग्रहाच्या आलेखात तिथे फक्त एवढंच असतं, की शिखर नुकतंच मागे पडलं आणि उतार जेमतेम सुरू झाला. पानं तर अजून हिरवीच असतात. कणसाच्या आत काय चाललंय हे वरून बघणाऱ्याला सांगता येणार नाही.

अपवाद आहेत. राजस्थान-हरियाणातली मोहरी फुलते तेव्हा सगळं शेत पिवळं होतं. ते पिवळेपण हिरव्या आणि निळ्या पट्ट्यांच्या तुलनेत स्पष्ट मोजता येतं आणि फुलोऱ्याची तारीख थेट मिळते. सोयाबीनची जांभळी-पांढरी फुलं इतकी लहान आणि पानांआड दडलेली की तिथे ही सोय नाही.

पठारावरची अडचण थोडी कमी करण्याचे दोन उपाय आहेत. एनडीव्हीआय दाट पिकात थकतो: एका चौरस मीटर जमिनीवर पानांचं क्षेत्र तीन चौरस मीटरांच्या पुढे गेलं की पानं आणखी वाढली तरी आकडा फारसा वाढत नाही. सेन्टिनेल-२ वर लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरच्या तीन अरुंद पट्ट्या मुद्दाम दिल्या आहेत; त्यांच्यात हरितद्रव्यातला बदल दाट पिकातही जाणवतो. दुसरा उपाय पानांतल्या पाण्याचा. १.६ मायक्रॉनच्या आसपासचा लघु अवरक्त प्रकाश पाणी शोषतं, त्यामुळे झाड पिकून वाळू लागलं की या पट्टीतलं परावर्तन वाढतं. मात्र या सगळ्या पट्ट्यांचा चौकोन २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

अंश-दिवसांचा जमाखर्च

आलेखातली वळणं सापडली की मधल्या अवस्था भरायला तापमान मदतीला येतं. पीक दिवस मोजत नाही, मिळालेली उष्णता मोजतं. दिवसाचं कमाल ३० अंश, किमान १४ अंश, सरासरी २२. गव्हासाठी किमान लागणारं तापमान ५ अंश धरलं तर त्या दिवसाची जमा १७ अंश-दिवस. रोजची जमा साठत जाते आणि ठरावीक बेरजेला ठरावीक अवस्था येते. थंड वर्षी त्याच बेरजेला जास्त दिवस लागतात, म्हणून फुलोरा लांबतो.

उपग्रह आणि हवामान एकमेकांची उणीव भरून काढतात. उपग्रहाला पेरणीची तारीख माहीत नसते, पण हिरवळ सुरू झाल्याची तारीख तो देतो. तिथून मागे अंश-दिवस मोजत गेलं की उगवण आणि पेरणीचा अंदाज येतो, पुढे मोजत गेलं की पोटरी आणि फुलोऱ्याचा. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, त्यामुळे तापमानाचे आकडे जवळचे मिळतात. वाणाचा फरक मात्र उरतोच. शेजारच्या दोन शेतांत एकाच दिवशी पेरलेलं लवकर येणारं आणि उशिरा येणारं वाण असेल, तर पहिला महिना दोघांचे आलेख एकावर एक बसतात.

आलेख प्रत्यक्षात इतका गुळगुळीत येत नाही, हेही सांगायला हवं. पातळ ढग, ढगाची सावली, धुकं यांनी मधेच आकडा कोसळतो. पिकाची हिरवळ पाच दिवसांत निम्मी होऊन पुढच्या पाच दिवसांत परत येत नसते, म्हणून असे खड्डे चूक मानून भरून काढतात. त्यासाठी फार वापरली जाणारी एक पद्धत साविट्स्की आणि गोले यांनी १९६४ मध्ये रसायनशास्त्रातल्या प्रयोगशाळेच्या नोंदी गुळगुळीत करण्यासाठी मांडली होती. पण गुळगुळीत करण्याचा अतिरेक झाला तर गारपिटीनं एका दुपारी झोडपलेल्या पिकाचा खरा खड्डाही पुसला जातो. नुकसानीचा प्रश्न असेल तेव्हा मूळ, न सुधारलेले ठिपके मागून घ्यावेत.

खरिपातले ढग

रब्बीतलं हे सगळं सुख खरिपात संपतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, घाटमाथ्यावर, पूर्व विदर्भात आठवडेच्या आठवडे निरभ्र चित्र मिळत नाही, आणि नेमक्या त्याच काळात भाताची लावणी होते, सोयाबीन फुलतं, कपाशीला पाते लागतात.

इथे रडार लागतं. रडार उपग्रह सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. स्वतः सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला भाग मोजतो. युरोपच्याच सेन्टिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, ढगांतून आरपार जाते. पण रडारला रंग कळत नाही. त्याला कळतो तो खडबडीतपणा, आकार आणि ओलावा. संथ पाण्यावर तिरपी पडलेली लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही, जागा काळी दिसते. झाडांच्या पानाकाड्यांवर आदळलेली लहर चहूकडे विखुरते आणि थोडी परत येते, जागा उजळते.

भातासाठी हे फार सोयीचं आहे. भंडारा-गोंदियात रोवणीसाठी बांध्यांत पाणी भरलं की रडारच्या चित्रात त्या काळ्या होतात. रोप वाढेल तसतशा उजळत जातात. काळ्यावरून उजळण्याकडे जाणारं ते वळण म्हणजे रोवणीची तारीख, आणि ती ढगांच्या भर मोसमात मिळते. आशियातल्या भाताचे नकाशे मोठ्या प्रमाणात याच वळणावर उभे आहेत. ज्यानं आवत्या टाकल्या, म्हणजे रोवणी न करता थेट बी फेकलं, त्याच्या शेतात हे वळण तितकं ठळक येत नाही.

सोयाबीनचं रडारवर चित्र इतकं स्वच्छ नाही. पावसाच्या दुसऱ्या दिवशी ओल्या मातीमुळेही परतणारा भाग वाढतो आणि पीक वाढल्याचा भास होतो. सोयाबीनचा शेवट मात्र प्रकाशाच्या आलेखात बहुतेक पिकांपेक्षा ठसठशीत असतो. शेंगा पक्व होताना झाड पानंच गाळतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ढग विरळ झाले की पंधरवड्याच्या आत रेघ शिखरावरून जवळजवळ तळाला येते. त्यामुळे हंगाम मागे वळून वाचता येतो: शेवट पक्का धरायचा, वाणाचे ९५-१०० दिवस माहीत असतील तर पेरणीपर्यंत मागे जायचं. अडचण एवढीच, की पाऊस मधे तीन आठवडे दडी मारतो आणि शेंगा भरत असतानाच पीक वाळतं, तेव्हाही उतार असाच दिसतो. तारखेचा आणि पावसाचा ताळा न घेता हा उतार ‘पक्वता’ म्हणून वाचला, तर दुष्काळ नोंदवला जाणारच नाही.

कपाशी तर अवस्थांच्या चौकटीतच मावत नाही. एकाच झाडावर पाते, फुलं, हिरवी बोंडं आणि फुटलेला कापूस एकाच वेळी असतात, वेचण्या तीन-चार होतात, आलेख लांबट आणि बोथट. तरी एक गोष्ट त्यातून चांगली दिसते: डिसेंबर उलटूनही हिरवी राहिलेली शेतं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडण्यासाठी फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी शेतात राखू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. फरदड कुठे उभी आहे हे शोधायला आकाशातून पाहणं सोपं पडावं. उसाची गंमत वेगळी. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू या लागणी आणि तोडलेल्या बुडख्यातून फुटणारा खोडवा यांची कॅलेंडरं एकमेकांवर चढलेली असल्यानं त्याचा आलेख दोन वर्षांचा वाचावा लागतो. तोडणीची तारीख मात्र कड्यासारखी सरळ तुटते. साखर कारखानदारांची देशपातळीवरची संघटना इस्मा हंगामाआधी उसाच्या क्षेत्राचा अंदाज देताना उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेते. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांमुळे वर्षाला दोन उंचवटे येतात.

आपल्याकडे हे कुठवर आलं?

भारतात या शास्त्राची सुरुवात पिकापासूनच झाली. १९७० मध्ये केरळात नारळाच्या झाडांना रूट विल्ट रोगानं ग्रासलं होतं. डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले गेले आणि रोगट झाडं त्या फोटोंत वेगळी उमटली. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह गेला. ऐंशीच्या दशकात पिकांचं क्षेत्र आणि उत्पादन यांचे अंदाज उपग्रहावरून काढण्याचा प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचंच रूप ‘फसल’ कार्यक्रमात आलं, आणि २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उभं राहिलं. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन उपयोगिता केंद्र आहे.

२०२४-२५ च्या रब्बीत इस्रोच्या हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं गव्हावर हंगामभर नजर ठेवली. महाराष्ट्रासह आठ राज्यं त्यात होती. ढगांतून पाहण्यासाठी भारताच्या ईओएस-०४ उपग्रहाचं रडार, रंगासाठी रिसोर्ससॅट-२ए चा एविफ्स आणि ईओएस-०६ उपग्रह, असा मेळ घातला होता. ३१ मार्च २०२५ पर्यंतच्या चित्रांवरून ३३०.८ लाख हेक्टर पेरा निघाला. कृषी मंत्रालयाचा आकडा ३२४.३८ लाख हेक्टर होता. उत्पादनाचा अंदाज १२.२७ कोटी टन. यातला उत्पादनाचा भाग ५ किलोमीटरच्या चौकोनांवर पिकाची वाढ संगणकात घडवून काढलेला आहे. त्यात हिरवळीचा आलेख, पेरणीची तारीख, हवामान हे सगळं जातं. देशाच्या गव्हासाठी असं गणित चांगलं चालतं, कारण चुका एकमेकींना कापतात. एका शेतकऱ्याच्या एका गटाला तेच गणित लावलं की कापायला दुसरी चूक उरत नाही.

पीक विम्यात हा प्रश्न थेट येतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्यासाठी यस-टेक ही पद्धत आणली गेली. तीत उत्पादन ठरवताना किमान ३० टक्के वजन तंत्रज्ञानावरच्या अंदाजाला असतं आणि बाकी पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून केलेल्या मोजणीला. कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, आणि प्रयोगासाठी कापायचा तुकडा केवढा असावा यावरून त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा मोठा वाद झाला होता. आज कापणीची वेळ हाही तितकाच नाजूक मुद्दा आहे. पथक पोहोचायच्या आधी शेत काढलं गेलं तर प्रयोग फुकट. कोणत्या मंडळात पीक आधी पिकतंय हे आलेखावरून कळलं तर पथकं त्या क्रमानं पाठवता येतात. माझ्या दृष्टीनं अवस्था ओळखण्याचा हा सर्वांत विनावाद उपयोग आहे.

या सगळ्याला जमिनीवरचा पुरावा लागतोच. गणिताला आधी शिकवावं लागतं, की या गटात सोयाबीन आहे, त्या गटात मूग. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद फोटोसह करतात. ती नोंद नीट झाली तर तिचा उपयोग सातबाऱ्यापुरता राहत नाही, त्या परिसरातला उपग्रहाचा नकाशाही तिनं सुधारतो. बांधावर बसून शेजारच्या गटाची नोंद उरकली, तर तो बिघडतोही.

आपल्या शेताचा आलेख बघायचा असेल तर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचं वेदास संकेतस्थळ किंवा युरोपचा कोपर्निकस ब्राउझर उघडा. दोन्ही मोफत आहेत. शेताची सीमा आखताना ती बांधापासून एक पिक्सेल आत घ्या, नाहीतर बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब उन्हाळाभर पिकाचा आव आणतील. मागच्या तीन वर्षांचे आलेख एकमेकांवर ठेवा. या वर्षीची रेघ कुठे मागे आहे ते त्यातूनच कळतं.

एखादं अॅप ‘तुमचं पीक फुलोऱ्यात आहे’ असं सांगत असेल, तर त्यानं आधी पेरणीची तारीख विचारली होती का ते आठवा. विचारली असेल तर ते बहुधा कॅलेंडर किंवा अंश-दिवस मोजतंय. त्यात वाईट काही नाही, पण उपग्रहानं फुलं पाहिली असा समज नको. ती तारीख खोटी घालून बघा. उत्तर तितक्याच दिवसांनी सरकलं तर उपग्रह नावापुरताच आहे. फवारणी किंवा पाणी ठरवायचं असेल तेव्हा चार झाडं हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही. आलेख फक्त शेताच्या कोणत्या कोपऱ्यातली चार झाडं घ्यायची ते सांगेल.

तणानं भरलेलं शेत आलेखात देखणं दिसतं, हेही ध्यानात असू द्या. आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढून झाल्यावरही रेघ अर्ध्यावरच अडून राहिली, पुन्हा चढू लागली, तर चित्र चुकलं म्हणण्याआधी ओळींमधली तूर मोजून घ्या.